आपले स्पष्ट मत लिहा

शाळेकडून आलेला तो कागद केतकीनं माझ्या हातात दिला आणि वाचता वाचता माझा चहा गार झाला. कागदाच्या माथ्यावर ‘पालक अभीप्राय पत्रक’ असं छापलं होतं. ‘भी’ दीर्घ! ज्या कागदावर मी अभिप्राय द्यायचा, त्या कागदालाच ‘अभिप्राय’ लिहिता येत नव्हता.

माझा धंदाच असा आहे. मी श्रीधर खांबेटे, मुद्रितशोधक. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात कित्येक वर्षं मी लोकांच्या वेलांट्या सरळ करतोय. लग्नपत्रिका हातात आली की इतर लोक मुहूर्त बघतात, मी ‘आशीर्वाद’ बघतो. पद्मजाचं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं, म्हणणं असं की लग्न ठरल्यावर तिनं मला लिहिलेलं पहिलं पत्र मी दुरुस्त करून तिला परत पाठवलं. हे साफ खोटं आहे. मी दुरुस्त केलं होतं. परत पाठवलं नव्हतं.

तर ते पत्रक. केतकी तेव्हा सहावीत होती. नारायण पेठ सोडून आम्ही वारज्याला राहायला आलो त्याला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि वारजे नुकतंच महापालिकेत गेलं होतं. म्हणजे पाटी महापालिकेची लागली होती आणि नळाला पाणी अजून ग्रामपंचायतीच्या मर्जीनं येत होतं. शाळेचं नाव मी सांगणार नाही. शाळा अजून तिथेच आहे आणि मीही अजून तिथेच आहे.

शाळेची तपासणी व्हायची होती. शिक्षण खात्याचे साहेब येणार, वर्ग बघणार, दप्तर बघणार, आणि त्या वर्षी नवीन टूम अशी निघाली होती की पालकांना शाळेबद्दल काय वाटतं तेही साहेब वाचणार. पत्रकात दहा प्रश्न होते. पहिल्या नऊ प्रश्नांपुढे ‘उत्तम’, ‘बरे’, ‘सुधारणा हवी’ यांपैकी एकावर खूण करायची होती. दहाव्या ठिकाणी लिहिलं होतं, ‘शाळेविषयी आपले स्पष्ट मत लिहा.’ त्याखाली दीड ओळ जागा.

नारायण पेठेत वाढलेल्या माणसाला स्पष्ट मत विचारायचं आणि दीड ओळ द्यायची!

“नऊ खुणा करा, खाली ‘शाळा चांगली आहे’ असं लिहा, सही करा आणि दळण घेऊन या,” पद्मजा म्हणाली.

“पद्मजा, ही नागरिकाची जबाबदारी आहे.”

“दळणसुद्धा.”

मी दळण आणलं. परत येताना तळमजल्यावरच्या गोपाळकृष्ण निसळांनी मला हटकलं. निसळ शिक्षण खात्यात हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती तरी रोज अकराला ते खुर्चीत बसायचे आणि दीडला डबा खायचे, स्वतःच्याच घरात. माझ्या खिशातलं पत्रक त्यांनी मागून घेतलं, चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि परत दिलं.

“खांबेटे, सरकारी कागदावर मत विचारतात ते हवं असतं म्हणून नाही. विचारलं होतं, एवढी नोंद व्हायला विचारतात.”

“मग खरं वाटतं ते लिहायचं कुठे?”

“वर्तमानपत्राला पत्र लिहा. ते कुणी वाचत नाही. हे एखादा वाचेल, म्हणून सांगतो.”

हा सल्ला मी मानला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण ‘एखादा वाचेल’ या दोन शब्दांनी माझा घात केला. तोवर एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांचं वाचत होतो. माझं कुणी वाचेल ही शक्यता पहिल्यांदाच पुढे आली होती.

रविवारी सकाळी अंघोळ करून मी लिहायला बसलो. आधी पत्रकातल्या चौदा चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या. मग पुरवणी कागद जोडले. अकरा पानं झाली. घंटा उशिरा होते, फळ्याचा काळा रंग उडालाय, ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली हरवली आहे आणि तिच्याबरोबर ग्रंथालयही, असं सगळं मुद्देसूद लिहिलं. पण अकरांपैकी चार पानं मी एकाच विषयाला दिली होती. तो विषय म्हणजे केतकीचे वर्गशिक्षक, सोनबा ढमाले.

ढमाले सर मुळशीकडच्या कुठल्याशा गावचे. सहावीला मराठी आणि गणित शिकवायचे. माणूस उंच, खांदे शेतकऱ्याचे, आणि बोलणंही तसंच मोकळं. शाळा सुरू होऊन महिना झाला नाही तोच केतकीनं एक दिवस जेवताना “बाबा, पानी द्या” असं म्हटलं. माझा घास घशात अडकला. तो उतरायला मला पाणीच प्यावं लागलं. चौकशी केली तेव्हा उगम सापडला. पुढे पालकसभेत खुद्द ढमाले सर मला भेटले. नमस्कार करून त्यांनी अदबीनं विचारलं, “कोन आपन?”

मी त्यांना सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून सांगितलं, “कोण, आपण?”

“मी ढमाले,” ते म्हणाले आणि हसून परत नमस्कार केला.

अशा माणसाला काय करणार? म्हणून चार पानं लिहिली. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं : ‘मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांस ण आणि न यांतला भेद समजत नाही, ही गोष्ट चिंताजनक आहे.’ वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. पद्मजा आतून म्हणाली, “चिंताजनक तुमचं चाललंय.”

इथपर्यंत प्रकरण माझ्यापुरतं होतं. पण सोमवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे हिंदुराव आपलं कोरं पत्रक घेऊन आले. हिंदुरावांची मार्केट यार्डात कांद्याची आडत आहे. दिवसभर ओरडून भाव पुकारणाऱ्या या माणसाला लेखणी धरली की घाम फुटतो.

“खांबेटे साहेब, तुमचं अक्षर मोत्यासारखं हाय. आमचं बी तेवढं भरून टाका.”

“काय लिहू?”

“शाळा बरी हाय. फकस्त अभ्यास जास्त द्या म्हनावं. पोरगं घरी आलं की डोकं खातंय.”

मी लिहिलं : ‘शाळा बरी आहे, तथापि गृहपाठाचे प्रमाण वाढवल्यास विद्यार्थ्यांचा सायंकाळचा वेळ सत्कारणी लागेल व कौटुंबिक शांतता नांदेल.’ हिंदुरावांना ते वाचून दाखवलं तर त्यांचे डोळे भरून आले. “मला असं म्हनायचं होतं व्हय?” ते म्हणाले.

ही बातमी जिन्यानं खाली उतरली. मंगळवारी पहिल्या मजल्यावरच्या सोजरबाई आल्या. आमची इमारत ज्या वावरात उभी आहे ते मूळचं सोजरबाईंचं. त्यामुळे त्या आमच्या घरात येताना दार वाजवत नाहीत. त्यांची नात केतकीच्याच वर्गात होती.

“लिव,” त्या खाली बसत म्हणाल्या. “अभ्यास लई देत्यात, पोरीचं डोळं गेलं. त्यो कमी करा म्हनावं. आन ढमाले मास्तर लई गुनाचा हाय. आमची पोरगी शाळंला जात नव्हती, त्यो आठ दिस दारात येऊन बसायचा. समदं लिव.”

गृहपाठाचं लिहिलं. ढमाल्यांचं मात्र गाळलं. द्वेषानं नाही, देवाशपथ. ‘आठ दिवस दारात बसणे’ हे दीड ओळीत बसेना, आणि संपादन करताना पाल्हाळ काढायचा ही माझी जुनी सवय. शेवटी ‘शिक्षकांविषयी तक्रार नाही’ एवढं लिहिलं आणि सोजरबाईंचा अंगठा घेतला.

बुधवारपर्यंत माझ्या टेबलावर इमारतीतली नऊ पत्रकं जमली. कुणाला कवायत रोज हवी होती, कुणाला ती बंद व्हायला हवी होती. एकाला शाळा सकाळची पाहिजे, दुसऱ्याला दुपारची. मी सगळ्यांना सारखाच न्याय दिला, सारख्याच वळणदार अक्षरात. आणि प्रत्येक पत्रकावरच्या त्याच चौदा चुका पुन्हा पुन्हा लाल शाईनं दुरुस्त केल्या, कारण काही गोष्टींत आळस करून चालत नाही.

गुरुवारी अर्धी रजा टाकून मी गठ्ठा शाळेत नेऊन दिला. मुख्याध्यापिका वासंती दाबके बाई पेठेतल्याच, बोलणं मोजकं. त्यांनी वरची दोन पत्रकं चाळली.

“हे सगळं तुम्ही लिहिलंत?”

“अक्षर माझं. मतं ज्याची त्याची.”

“आणि ही लाल शाई?”

“ती शाळेमुळे.”

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पत्रकांवर क्रमांक टाकले आणि शिक्का मारून पोच दिली. मी ताठ मानेनं घरी आलो. कर्तव्य केल्यावर भूक चांगली लागते. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

त्या शनिवारी निसळांनी गेटपाशीच मला अडवलं.

“ढमाल्याचं कल्याण केलंत म्हणे तुम्ही.”

“म्हणजे?”

“तात्पुरता आहे तो. तीन वर्षं झाली. या तपासणीत अहवाल बरा आला तर कायम, नाही तर उन्हाळ्याची सुट्टी लागली की लागलीच. मोठी सुट्टी. आमच्या खात्यात एक गंमत आहे खांबेटे, पालक चांगलं बोलले तर त्याला कुणी विचारत नाही. वाईट लिहून दिलं तर त्याची फाईल होते.”

“पण मी फक्त ण बद्दल लिहिलंय!”

“फाईलला विषय कुठलाही चालतो.”

मी जिना चढलो. मला त्यांचा उच्चार सुधारायचा होता, त्यांची नोकरी घालवायची नव्हती. या दोन गोष्टी एकाच कागदावर होऊ शकतात हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

सोमवारी केतकी वेळेवर घरी आली नाही. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. मी तिला आणायला शाळेत गेलो. शाळा रिकामी होती. सहावीच्या वर्गातून तेवढा आवाज येत होता. मी खिडकीशी जाऊन थांबलो.

ढमाले सर पहिल्या बाकावर बसले होते. फळ्यापाशी, हातात पट्टी घेऊन, आमची केतकी उभी होती.

“जीभ वर टाळूला लावायची सर, आणि मग सोडायची. पा-णी.”

“पा... ण्णी.”

“बरंच जमलं. आता लोणी काळभोर म्हणा.”

“लोनी—”

“सर!”

“लोणी काळभोर. आयला, बहीन दिलीय आमची तिथं, आन बारा वर्षं मी गावाचं नाव चुकीचं घेतोय बघ.”

“बहीण, सर.”

“बहीण,” सर म्हणाले आणि रुमालानं मान पुसली. “बाईंनी कागद वाचून दाखवला मला. कुना पालकानं लिवलंय. खोटं काय लिवलंय? बरोबरच हाय. मास्तरला यायला पायजे. तपासनीपर्यंत तेवढं बसवून दे बाई माझ्याकडनं.”

मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. माझी मुलगी नारायण पेठेतल्या शाळेत पाच वर्षं होती. त्या पाच वर्षांत दर सभेला एकच वाक्य ऐकायला मिळायचं, ‘हुशार आहे, पण वर्गात तोंड उघडत नाही.’ ती आता एका मोठ्या माणसाला पट्टी दाखवून दटावत होती. हे कधी झालं, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. घरात तिच्या ‘पानी’कडे माझं लक्ष होतं.

घरी जाताना कॅनॉलच्या पुलावर ती म्हणाली, “बाबा, त्या पत्रकावर लाल शाई होती म्हणे. लाल शाईचं पेन शाळेत फक्त दाबके बाई वापरतात. आणि घरी तुम्ही.”

“हो.”

“सरांना मी सांगितलं नाही.”

एवढं बोलून ती पुढे चालायला लागली. मला छापखान्यात मालक ओरडले आहेत, लेखक ओरडले आहेत, एकदा प्रबंध लिहिणाऱ्या एका विदुषीनं माझ्या अंगावर दौत फेकली आहे. पण त्या संध्याकाळसारखं मला कधी वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी पुन्हा दाबके बाईंपुढे उभा राहिलो. हातात अर्ज होता, विषय : अभिप्राय परत मिळणेबाबत.

“परत देता येत नाही,” बाई म्हणाल्या. “क्रमांक पडलेत. एक जरी कमी झालं तरी आम्ही लपवलं असं होईल.”

“मग मी नवीन लिहून देतो. चांगलं.”

“एका पालकाचे दोन अभिप्राय? एक चिंताजनक, एक चांगला?” बाईंनी चष्मा काढला. “खांबेटे, ण मलाही ऐकू येतो. पण ढमाले इथे येण्याआधी सहावीत चौदा मुली होत्या, आता एकतीस आहेत. घरोघर जाऊन त्यांनी आणल्या. तुमच्या अकरा पानांत मी ते शोधलं. नव्हतं.”

“मग आता मी काय करू?”

“परवा तपासणी आहे. पालक म्हणून या. विचारलं तर तोंडानं सांगा. जरा थोडक्यात.”

तपासणीच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून दहालाच हजर झालो. निसळही आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण तपासणी म्हटल्यावर त्यांना घरी बसवेना. हिंदुराव यार्डातून थेट आले होते आणि सोजरबाई व्हरांड्यात पाय पसरून बसल्या होत्या. फळा काळा कुळकुळीत झाला होता. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली सापडली होती. माझ्या अकरा पानांपैकी सात पानांचा उपयोग झाला होता, हे मी नम्रपणे नमूद करतो.

साडेदहाला जीप आली. साहेब उतरले. श्यामसुंदर वानखडे त्यांचं नाव. अकोल्याकडचे, पन्नाशीचे, शांत चेहऱ्याचे. दाबके बाई पुष्पगुच्छ घेऊन पुढे झाल्या. साहेबांनी तो घेतला, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, “आधी थोडं पानी द्या बुवा. मग बाकीचं.”

निसळ माझ्या कानाशी लागले. “खांबेटे, साहेबांना दुरुस्त करता का? लाल पेन आणलंय ना?”

पाणी पिऊन साहेब थेट सहावीच्या वर्गात गेले आणि फळ्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसले. आम्ही खिडकीबाहेर उभे राहिलो. तास गणिताचा होता. ढमाले सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला, आणि ते काय शिकवणार हे कळताच मी खिडकीचा गज धरला.

आता मराठी भाषेचा एक नाठाळपणा इथे सांगायला हवा. ‘त्रिकोण’ यातला ण बाणाचा. पण त्या त्रिकोणात जे तीन असतात ते ‘कोन’, त्यातला न नळाचा. ‘कोण’ म्हटलं की तो प्रश्न होतो. हे असं का, ते मी चार पानांत लिहिलं नव्हतं. केतकीनंही शिकवलं नसणार. सरांनी तर चार दिवस जिभेला एकच वळण लावलं होतं : दिसला न की कर ण.

“मुलांणो,” सर म्हणाले. वर्गात खुसखुस झाली. सरांच्या मानेवर घाम आला. “मुलांणो, आज आपण त्रिकोण शिकणार आहोत. त्रिकोणाला तीण बाजू आणि तीण कोण असतात.” त्यांनी छडी उचलून त्रिकोणाच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवली. तिच्या टोकापलीकडेच साहेबांची खुर्ची होती. “सांगा बरं, हा कोण?”

“साहेब!” अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

हिंदुराव खो खो हसले आणि मग तोंडात रुमाल कोंबला. सर पांढरेफटक पडले. साहेबांचा चेहरा तसाच होता. मला वाटलं, ही फाईल झाली. आणि ती मी केली.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून केतकी उठली.

“सर, तो कोन आहे. काटकोन. नव्वद अंशांचा.” मग एकदा खिडकीकडे बघून ती म्हणाली, “तुम्ही नेहमीसारखं शिकवा ना, सर. आम्हाला कळतं.”

सरांनी छडी टेबलावर ठेवली. मग ते दाराकडे गेले आणि दार थोडंसं उघडलं.

“ह्यो बघा. एवढंसं उघडलं तर कसला कोन?”

“लघुकोन!”

“मांजर येतंय आत. आन असं सरळ उघडलं तर?”

“काटकोन!”

“मास्तर येतोय. आन पार भिंतीकडं ढकललं तर?”

“विशालकोन!”

“तवा येतोय हत्ती,” सर म्हणाले, आणि पोरं हसली. पुढची पंचवीस मिनिटं तो माणूस दारं, खिडक्या, कंपास, कोपरं आणि एका मुलीच्या वेण्या यांतून कोन काढत राहिला. शेवटच्या बाकावरची सोजरबाईंची नातसुद्धा हात वर करत होती. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या वेळात मी एकही चूक मोजली नव्हती.

मग ऑफिसात बोलावणं आलं. साहेबांपुढे पत्रकांचा ढीग होता. आमच्या इमारतीची नऊ त्यांनी बाजूला काढली होती.

“ही नऊ एकाच हातची दिसतात. याच माणसाला अभ्यास जास्त पाहिजे, याच माणसाला कमी पाहिजे. कवायत रोज पाहिजे, कवायत बंद पाहिजे. हा गृहस्थ कोन आहे?”

मी हात वर केला. शाळेत असताना करायचो तसाच.

“अक्षर माझं आहे साहेब. मतं शेजाऱ्यांची.”

“मी ढमाले मास्तरचं सांगितलं व्हतं,” सोजरबाई दारातून म्हणाल्या. त्यांना आत बोलावलं नव्हतं, पण शाळेची जागाही एके काळी त्यांच्या दिराची होती. “त्यो दारात येऊन बसायचा, पोरगी शाळंत घातली, समदं सांगितलं. वाचा की त्यात.”

साहेबांनी त्यांचं पत्रक शोधलं आणि वाचलं, “‘शिक्षकांविषयी तक्रार नाही.’”

“एवढंच? मी घटकाभर बोलले की रं!”

माझी मान खाली गेली. “मी ते गाळलं,” मी म्हणालो. “जागा नव्हती. म्हणजे... मला ते महत्त्वाचं वाटलं नाही. चूक झाली माझी.”

हे वाक्य मी आयुष्यात बऱ्याच लोकांना उच्चारायला लावलंय. स्वतः उच्चारायला फार जड गेलं. दाबके बाई भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होत्या. साहेबांनी माझी अकरा पानं उचलली.

“आनि हे तुमचं स्वतःचं. मला यातलं एक वाक्य कळलं नाही.” त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचलं, “‘शिक्षकांस न आनि न यांतला भेद समजत नाही, ही गोष्ट चिंताजनक आहे.’ काहो खांबेटे, न आनि न मध्ये काय भेद असतो?”

ढमाले सर दाराशी उभे होते, आणि ते कागद कुणाचे, हे त्यांना आत्ता कळलं होतं. ते माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, परीक्षेत शेजारचा अडला तर आपण बघतो तसं.

“काही भेद नाही, साहेब,” मी म्हणालो. “मुद्रणदोष आहे तो.”

“हातानं लिहिलेल्या कागदात मुद्रनदोष?”

“होतो कधी कधी.”

साहेबांनी कागद खाली ठेवले आणि पहिल्यांदाच हसले.

“अकोल्याहून शिकायला पुन्यात आलो ना मी, तेव्हा पहिलं वर्षभर खानावळीत पानी मागितलं नाही. पोरं हसायची. हातानं खून करून मागायचो. तीस वर्षं झाली या शहरात. फरक मला चांगला माहीत आहे, खांबेटे. जीभ ऐकत नाही.” मग ते बाईंकडे वळले. “त्या दाराचा तास मी वीस शाळांत सांगनार आहे. या गुरुजींच्या मान्यतेचा कागद आना इकडे.”

सही करताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ढमाले सर आमच्याकडे आले. मी त्यांना बसा म्हणायच्या आधीच पद्मजानं त्यांना बसवलं, पोहे दिले. मी माफी मागायची म्हणून दोन वाक्यं तयार केली होती, व्याकरणशुद्ध. त्यांनी ती सुरूच होऊ दिली नाहीत.

“ते जाऊ द्या वो. कामाचं बोलायला आलोय. पोरं बोलत्यात फाडफाड, लिवायला बसली की समदा आनंद हाय. आन ते मला बी येत न्हाई, तुम्ही लिवलंयच. शनिवारी शेवटचा तास तुम्ही घ्या. शुद्धलेखनाचा.”

“मी? मी कधी शिकवलं नाही.”

“मग या की. बघा कसं असतंय.”

शनिवारी मी गेलो. नऊ पानांचं टिपण तयार केलं होतं. वर्गात त्रेपन्न मुलं. ‘ऱ्हस्व आणि दीर्घ’ असं फळ्यावर लिहून मागे वळेपर्यंत त्यातली अर्धी जागेवर नव्हती. एक खिडकीत होता, दोघी बाकाखाली काहीतरी शोधत होत्या आणि हिंदुरावांचा मुलगा शेजाऱ्याच्या डोक्यावर खडूनं कोन काढत होता. केतकी वहीत तोंड खुपसून बसली होती; हा गृहस्थ आपल्या ओळखीचा नाही, असं तिच्या पाठीवरून स्पष्ट दिसत होतं. मी “शांत बसा” म्हणालो. माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

अचानक वर्ग गप्प झाला. मागच्या दारानं ढमाले सर आत आले होते. काही न बोलता ते शेवटच्या बाकावर सोजरबाईंच्या नातीशेजारी बसले. बाक लहान, गुडघे मावेनात, म्हणून एक पाय बाहेर काढला. खिशातून वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि मान खाली घालून फळ्यावरचं उतरवून घ्यायला लागले. बघता बघता सगळी मुलं उतरवून घ्यायला लागली.

मला एकदम जोर चढला. मी भराभर पहिला नियम सांगितला, दुसरा सांगितला, तिसरा सांगितला, अपवाद सुरू केले.

मागून एक हात वर आला.

“सर,” ढमाले म्हणाले, “जरा दमानं. मागं लिवून होत न्हाई.”

मी खडू खाली ठेवला, फळा पुसला, आणि पहिल्या नियमापासून पुन्हा सुरुवात केली.